ज्ञानदेव आधी कळवतात

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत ज्ञानदेव पहिल्या मजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. नोकरीही एकाच कंपनीत. ते डिस्पॅचला होते, मी अकाउंट्सला आहे. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, मी येत्या मार्चमध्ये होईन. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर माणसाविषयी ठामपणे बोलायला हरकत नसावी. ज्ञानदेव अत्यंत सज्जन आहेत आणि त्यांच्याबरोबर कुठलाही बेत आखणं ही शिक्षा आहे.

कारण एकच. त्यांना कळवल्याशिवाय राहवत नाही. एकदा त्यांना हडपसरला दात काढायला जायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी तिथल्या भाच्याला फोन केला. मी म्हटलं, "अहो, कशाला?" तर म्हणाले, "त्याच्या दारावरून जायचं आणि कळवायचं नाही, हे बरं दिसतं का?" भाच्यानं अर्थातच जेवायला थांबवून घेतलं. ज्ञानदेव सुजलेला गाल धरून पुरणपोळीसमोर तासभर बसून आले. सोबत गेलेल्या कौशल्यावहिनी तेवढा वेळ भाचेसुनेबरोबर पोळ्या लाटत होत्या.

वहिनींचं सगळं आयुष्य असंच गेलं. साताऱ्याकडचं पोरगं परीक्षेला आलं, उतरणार यांच्याकडे. कराडची माणसं कुणाला दवाखान्यात दाखवायला आली, डबा यांच्याकडून. वहिनी स्वतः कुठे गेल्या तर त्या नातेवाइकाच्याच घरी, आणि गेल्या गेल्या पदर खोचून तिथल्या ओट्यापाशी. पाहुणी नुसती बसून राहिली तर ते बरं दिसत नाही. हॉटेलात उतरणं तर दूरच. गावात आपलं माणूस असताना हॉटेलात राहणं म्हणजे ज्ञानदेवांच्या हिशेबी भांडण झाल्याची जाहीर कबुली.

म्हणून त्यांच्या मुलीनं, सृष्टीनं, युक्ती काढली. ती खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं चौघांची झोपायची सोय असलेली कॅम्परव्हॅन भाड्यानं ठरवली. आत पलंग, छोटा गॅस, बेसिन, सगळं. "बाबा, घरच चाकांवर आहे. आता कुणाकडे उतरायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. जायचं ज्ञानदेव, वहिनी, मी आणि माझी बायको रुपाली यांनी. गाडी मी चालवायची आणि आखणीही मीच करायची, कारण मी व्यवस्थित माणूस आहे असा एक समज आहे.

आमच्या घरी पहिली बैठक झाली तेव्हा मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

"बघायचं काही नाही हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एकदा समुद्राच्या काठी जाग यावी. आणि त्या सकाळी कुणाचा ओटा पुसायचा नसावा. एवढंच."

ही मागणी पुरवायला काय लागतं? मी नकाशा घेऊन बसलो. पहिला मुक्काम बामणोलीला, शिवसागर तलावाच्या काठी. मग कराडवरून कोल्हापूर, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी, रात्री शहराबाहेर एका शेतावर, तिथे गाड्या लावू देतात. पुढे घाट उतरून मालवण, आणि तिथे दोन रात्री समुद्राशेजारी. सगळं चोख बसलं होतं. मी ज्ञानदेवांना बजावलं, "हे कुणाला सांगू नका."

"छे छे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, चेहरा प्रसन्न. "सर्जेरावांना सहज सांगितलं. साताऱ्याचे आमचे मेहुणे. त्यांच्या गावावरूनच जाणार आपण. ते म्हणाले, गाडीत झोपणार? आम्ही मेलो का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आता ते मेलेत असं कसं म्हणू?"

बामणोली गेली. मी आखणी बदलली. दोन दिवसांनी कराडच्या रावसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या मावसभावाचा, रुसून फोन आला. सर्जेरावांना कळलं आणि आम्हाला नाही? ही बातमी त्यांना अर्थातच सर्जेरावांनी दिली होती. तेव्हा दुपारचं जेवण कराडला. कोल्हापूरला ज्ञानदेवांची थोरली बहीण, अक्का. तिथे रात्र काढायची नाही म्हणजे जन्माचं वैर. म्हणून अक्कांकडे दोन रात्री, कारण एका रात्रीत त्या सोडत नाहीत. शेतावर फोन करून मी मुक्काम रद्द केला. त्या माणसानं विचारलं, "साहेब, काय अडचण आली का?" मी "हो" म्हणालो. अडचणीचं नाव सांगितलं नाही.

तरी मालवण शाबूत होतं. तिथे यांचं कुणीही नाही, याची मी दोनदा खात्री करून घेतली होती. पण ज्ञानदेवांना डिस्पॅचमधला सुदर्शन आठवला. नोकरी सोडून तो मालवणला घरी गेला होता. याला म्हणतात स्मरणशक्ती.

"घर समुद्रावरच आहे हो त्याचं," ज्ञानदेव उत्साहानं म्हणाले. "म्हणाला, गाडी अंगणात लावा आणि वर पंख्याखाली झोपा. त्याच्या मिसेस एकट्याच असतात स्वयंपाकाला, आपल्या बायका मदत करतील!"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या कपबशा गोळा करत होत्या, त्याही आमच्या घरच्या.

निघायच्या आदल्या रविवारी शेवटची बैठक, या वेळी त्यांच्या घरी. सृष्टीही आली होती. हॉलमध्ये सर्जेरावांसाठी मिक्सर, रावसाहेबांच्या नातवाची सायकल आणि अक्कांसाठी गाद्यांचा जोड उभा होता. जाताच आहात तर एवढं घेऊन जा, अशी फर्माइश प्रत्येकानं केली होती.

"बाबा, हे ठेवणार कुठे?" सृष्टीनं विचारलं.

"पलंगांवर. नाहीतरी तिथे झोपतंय कोण?"

माझा संयम संपला. मी म्हणालो, "ज्ञानदेव, आपण असं करू. उलटं जाऊ. आधी ताम्हिणीतून थेट कोकणात उतरू. कुणाला पत्ताच लागणार नाही."

"वा! हे उत्तम," ते म्हणाले आणि फोन उचलला.

"आता कुणाला?"

"सर्जेरावांना. ते वाट बघत बसतील ना. उलटं येतोय म्हणून कळवतो."

मी पाणी मागितलं. पाणी आणायला उठलेल्या वहिनी दोन पावलं जाऊन थांबल्या आणि परत येऊन बसल्या. वहिनी बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"अहो, ठेवा तो फोन," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा. तुम्ही दारावरून गेलात आणि थांबला नाहीत, तर त्यांना राग येणार. बरोबर?"

"येणारच ना!"

"आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर?"

ज्ञानदेव गोंधळले. "मग राग कशाचा? मी पुण्यातच असेन."

"मग पुण्यातच असा. म्हणजे कुणाचा अपमान नाही. गाडी सृष्टी चालवेल, रुपाली आणि मी जाऊ."

रुपाली लगेच "चालेल" म्हणाली. इतक्या लगेच म्हणायची काही गरज नव्हती. माझं काय, हे कुणी विचारलं नाही.

"पण अक्का?" ज्ञानदेव कळवळून म्हणाले. "अक्काला काय सांगणार?"

वहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच लावला. "वन्सं, मी कौशल्या. आम्ही तुमच्याकडे उतरत नाही. हो, हे येत नाहीयेत, आम्ही तिघी बायकाच. मला समुद्राकाठी गाडीतच झोपायचंय. राग मानायचा असेल तर मानून घ्या."

ज्ञानदेवांनी डोळे मिटून घेतले. मग अक्कांचा आवाज आला, तो मोठा असल्यामुळे आम्हा सर्वांना ऐकू गेला. "त्या गाडीत चौथी जागा हाय का गं? माझ्याकडं उतरणाऱ्यांचं करून करून मी बी कटाळलीया."

अशी माझी जागा गेली. मी आखलेला सगळा रस्ता बायकांनी जसाच्या तसा वापरला, फक्त बामणोलीला एक रात्र वाढवून. अक्का कोल्हापुरात गाडीत चढल्या. आणि ज्ञानदेव दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायला येऊ लागले. स्वयंपाक मी करत होतो. पिठलं पातळ झालंय हे ते मला रोज कळवत होते.

मालवणच्या पहिल्या सकाळी त्यांच्या फोनवर वहिनींचा फोटो आला. गाडीचं दार उघडं, मागे समुद्र, आणि पलंगावर पाय लांब करून बसलेल्या वहिनी. हातात चहाचा पेला. तो कुणीतरी दुसऱ्यानं करून दिलेला होता, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. खाली लिहिलं होतं, 'सुदर्शनभाऊजींना सांगू नका.'

ज्ञानदेव फोटोकडे पाहतच राहिले. "किती वर्षांनी हसतेय हो," ते म्हणाले. मग त्यांचा अंगठा फोनवर हलू लागला.

"ज्ञानदेव," मी म्हणालो.

"नाही हो. नाही पाठवत कुणाला." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि वर हात दाबून धरला, जणू तो आपण होऊन बाहेर येईल. त्या दिवशी त्यांनी खरोखर एकाही नातेवाइकाला फोन केला नाही, आणि त्यांना तो दिवस फार जड गेला.

संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो. फाटकातल्या वॉचमननं सलाम केला आणि म्हणाला, "साहेब, कौशल्याताई समुद्रावर मजेत आहेत म्हणे. चहासुद्धा हातात मिळतोय."