मंत्रालयातले जावईबापू

मंत्रालयातले शिपाई त्याला जावईबापू म्हणत. गोड पेयं बाटल्यांत भरून विकणाऱ्या एका परदेशी कंपनीचा तो संपर्क अधिकारी. सचिवांच्या दालनाबाहेरच्या बाकावर तो ज्या हक्कानं बसे आणि ज्या संकोचानं बसे, ते दोन्ही एकदम फक्त जावयालाच साधतं. कंपनीचा परवाना अडला की तो बसे, सुटला की उठे. कंपनीत याला धोरण म्हणत.

मग सरकारनं गोड पेयांवर कर बसवायचं काढलं. मुख्यालयातून आलेल्या नव्या साहेबानं त्याला समोर बसवून वाटा समजावल्या. गुपचूप मंत्रालयात जायचं, सगळ्या कंपन्यांच्या संघटनेला पुढं करायचं, नाहीतर वर्तमानपत्रांतून दुकानदारांना रडवायचं. तुझं मत काय? पहिली वाट म्हणजे आपली नोकरी, हे न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. साहेबही नव्हता.

घरी त्यानं बायकोच्या कानावर घातलं. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, स्वयंपाकघरातलं सासूबाईंचं कपाट आठवतंय का. आठवत होतं. दार उघडलं की शेगडीला लागायचं, पण त्याच्या आईनं स्वतः पसंत करून आणलेलं.

"ते हलवा असं मी एकटी बोलले असते तर आगाऊ सून ठरले असते," ती म्हणाली. "आम्ही चौघी जावा मिळून गेलो, तर ती घराची सोय झाली. कर काय तुमच्या एकट्या कंपनीवर आहे?"

"नाही."

"मग बाकावर बसून काय उबवणार?"

परवान्याचं गाऱ्हाणं एकट्याचं असतं, कराचं सगळ्यांचं. हे त्यालाही ठाऊक होतं. खोटं सांगितलं तर नोकरी रेंगाळत जाणार, खरं सांगितलं तर लगेच. ताटकळणं त्याला आवडत नसे. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं. त्यानं संघटनेचं नाव सांगितलं.

कर निम्म्यावर आला. साहेबाला बढती मिळाली. संपर्क अधिकाऱ्याच्या दूरदृष्टीबद्दल कंपनीनं आभार मानले आणि ते पद बंद केलं.

राहिलं आईला सांगायचं. तिचा सगळा तोरा या लेकाच्या नोकरीवर. तो एकटा गेला नाही. बायकोला सांगून त्यानं चारही सुनांना आधी पाठवलं आणि स्वतः दाराबाहेर, सवयीनं, स्टुलावर बसला.

आतून बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा ऐकू आल्या. मग आईचा आवाज आला.

"त्याला म्हणावं, आत ये. कपाटाच्या वेळीही तुम्ही अशाच एकदम आला होतात. नोकरी गेली ना त्याची?"