बांबूकाकांचं माप

भाड्याचं घर बघायला गेलं की लोक आधी खोल्या बघतात. बांबूकाका आधी जिना बघत. त्यासाठी त्यांच्या सायकलच्या दांडीला सहा फुटांचे दोन बांबू कायम बांधलेले असत. त्यांना दोन आडव्या पट्ट्या जोडल्या की दोन फूट रुंदीची चौकट तयार व्हायची. एक टोक ते धरत, दुसरं घर बघायला आलेल्याच्या हातात देत आणि दोघांनी ती चौकट आडवी धरून जिना उतरायचा. कुठे अडली नाही तर घर पास. ती चौकट कशासारखी दिसते ते सगळ्यांना कळत असे, बोलत कुणी नसे.

काका रेल्वेतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. देवास गेटजवळ एका तळमजल्यावर बरीच वर्षं भाड्याने राहत होते. उज्जैनला बदलून आलेल्या मराठी माणसाला घर हवं असलं की त्याला कुणीतरी त्यांच्याकडे पाठवायचं. बँकेच्या नोकरीत माझी बदली झाली तेव्हा मीही असाच त्यांच्याकडे गेलो. टावर चौकाच्या मागे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या मला पसंत पडल्या होत्या. ऊन भरपूर, बाल्कनी, आणि बँक चालत सात मिनिटांवर.

काकांनी आत शिरताच फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहिले. पाणी मोरीकडे न जाता दाराकडे आलं. मग घरमालकाला तिथेच सोडून ते शेजारच्या दारात गेले.

"भाभीजी, नल जाता कितने बजे है?"

नळ येण्याची वेळ मालक सांगतो, जाण्याची शेजारीण सांगते, असं त्यांचं म्हणणं.

"भैया, पहले आए तो सही," आतून उत्तर आलं.

शेवटी चौकट निघाली आणि जिन्याच्या वळणावर अडली. माझी बायको तोंड फिरवून उभी होती. "काका, आम्ही इथे राहायला येतोय," ती म्हणाली.

"राहायला सगळेच येतात, सूनबाई. सासरे सत्तरीच्या पुढचे ना? ते चढतील हळूहळू. उतरवायचे कसे, ते आज बघून ठेवा."

ती महिनाभर त्यांचं नाव काढू देईना. पण घर आम्ही घेतलं ते गल्लीतलं, तळमजल्याचं, जरा अंधारंच. तिसऱ्या वर्षी जेवता जेवता वडिलांच्या छातीत कळ आली. चौघांनी खाटेसकट त्यांना उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी मेटाडोरमध्ये ठेवलं. चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं. वडील पुढे पाच वर्षं जगले. त्या दुखण्यापासून संक्रांतीचा पहिला तिळगूळ आमच्या घरून काकांकडे जाऊ लागला.

हे खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. "मालधक्क्यावरून," ते म्हणाले. "माल डब्यात घालण्याआधी तो बाहेर कसा निघेल ते बघायचं असतं. माणसाला वेगळा नियम कशाला?" याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

मग दिवस बदलले. गच्च्यांवर केबलच्या वायरी आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले आणि जुनी घरं पाडून मल्टी, म्हणजे बहुमजली इमारती, उभ्या राहू लागल्या. काकांच्या घरमालकालाही जागा रिकामी हवी होती. काका न भांडता उठले. त्यांचा मुलगा शरद स्कूटरच्या शोरूममध्ये होता. त्याने नानाखेड्याला तिसऱ्या मजल्यावर लिफ्टवाला फ्लॅट भाड्याने ठरवला. आधी पेशगीचे आगाऊ पैसे दिले आणि मग वडिलांना सांगितलं. "बाबा बांबू घेऊन आले असते, मालकासमोर हसं झालं असतं," हे त्याने मलाच सांगितलं होतं. उज्जैनभर घरं तपासणाऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं घर कुणी दाखवलं नाही.

सामान लागलं त्या दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं. शरद खाली टेम्पोवाल्याशी बोलत होता. काकांनी चौकट काढली, एक टोक माझ्या हातात दिलं. पहिल्याच वळणावर ती अडली. जिन्याच्या मधे कठडा असता तर वरून काढता आली असती. तिथे थेट छतापर्यंत भिंत होती.

"लिफ्ट आहे ना, काका," मी म्हणालो.

"बघून आलोय. चार माणसं उभी मावतात. आडवा एकही नाही." त्यांनी जिन्याच्या वळणाला टेप लावली. "पावणेतीन फूट. लिहून घ्या."

बँकेतल्या सवयीने मी डायरीत लिहिलं.

"शरदला सांगू नका."

"काका, महिन्याभरात दुसरं घर बघता येईल. मी बोलतो त्याच्याशी."

"नको. नातवंडं सकाळपासून लिफ्टमध्ये नाचतायत. दुसऱ्यांची घरं खुशाल नापास केली हो मी. पोराचं नाही करवत."

मी बरं म्हणालो.

दीड वर्षाने एका सकाळी अकरा वाजता शरदचा बँकेत फोन आला. काकांना झटका आला होता, एक बाजू गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हलवताना आडवंच ठेवा. मी पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती आणि शेजाऱ्यांनी काकांना खाटेवर घेऊन जिना धरला होता. खाट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकून पडली होती.

"भिया, थोड़ा टेढ़ा करो!"

"टेढ़ा करूँ तो काका सरक जाएँगे. ये नी मुड़ेगी, भिया. वापस लो."

काका शुद्धीत होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाट परत वर नेली. त्यांना खुर्चीत बसवून धोतराने बांधलं आणि शरदने मागून त्यांचं डोकं धरलं. अठरा मिनिटं गेली. तळमजल्यावर खुर्ची टेकली तेव्हा शरद अजून त्यांना सांगत होता, "बाबा, झालंच, पोहोचलो." काकांना ऐकू येत नव्हतं.

तेराव्यानंतर शरद बांबू घेऊन माझ्याकडे आला. "बाबांनी आमचा जिना मोजला होता का?"

"हो."

"किती?"

मी डायरीचं पान उघडून दिलं. त्याने आकडा वाचला, मग वरची तारीख.

"तुम्ही बोलला का नाहीत, काका?"

तुझ्या वडिलांनीच नको म्हटलं होतं, असं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. नको एका दिवशी म्हटलं होतं. गप्प मी दीड वर्ष बसलो होतो.

बांबू तेव्हापासून माझ्याकडे आहेत. परवा मुलीने इंदूरला फ्लॅट भाड्याने बघितला. तिच्या सासूबाई सोबत राहणार आहेत. जावई हसून म्हणाले, "बाबा, हे काय काढलंत?" मी म्हटलं, "ते टोक धरा." दुसऱ्या वळणावर चौकट अडली. मी टेप लावली आणि आकडा मोठ्याने सांगितला, एकदा नाही, दोनदा. मुलगी माझ्याशी बोलत नाही. घर मात्र दुसरं बघते आहे.