दाजींची दिवसाची झोप

खेड्यात निवांतपणा असतो असं ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांना मे महिन्यातले दोनच दिवस पुनावळ्याला माझ्या बहिणीच्या घरी नेऊन बसवावं, असं मला आजही वाटतं.

पिंपरीला नुकतेच कारखाने उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या कॉलेजला सुटी लागली होती. शनिवार-रविवार ताईकडे काढावा, आंबे खावेत आणि वाचनालयातून आणलेली कादंबरी संपवावी, एवढाच माझा बेत. कादंबरी चांगली जाडजूड. नायक शहराला कंटाळून खेड्यात येतो, आमराईत पडून राहतो आणि पानंच्या पानं विचार करतो. मला ती आवडत होती, खोटं कशाला बोलू. पुण्याहून गाडीत बसून वाचताना तर फारच आवडत होती.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पिंपरीच्या एका कारखान्यात नव्याने लागले होते. त्या घरातून कंपनीत गेलेला पहिलाच माणूस. त्यांच्या आईने, ताईच्या सासूबाईंनी, नोकरीला एकाच अटीवर होकार दिला होता: राबायचं तिथं राब, पण मुक्काम घरीच. कामावरचे सोबती पिंपरीत खोली घेऊन राहत होते, दाजींनाही बोलावत होते. पण दाजी रोज सायकल हाणत घरी यायचे. सध्या त्यांची रातपाळी होती. आदल्याच आठवड्यात मशीनवर डुलकी लागली म्हणून साहेबांनी तंबी दिली होती, पुन्हा पेंगताना दिसलास तर घरी बस. म्हणजे दिवसा झोप झाली तरच नोकरी टिकणार, आणि ती झोप घरात मिळाली तरच दाजी घरात टिकणार. एवढं साधं होतं ते. ताईने मी आल्या आल्या सांगितलं, "नाहीतरी तू वाचतच बसणार. मग दारात बस, आणि कुणाला आत सोडू नकोस."

बसले बाई. पान उलटायच्या आत शेजारची म्हातारी लिंबू घेऊन हजर. "पोरगं दिसाचं निजलंय म्हनं. ताप हाय का?" मी म्हटलं, आजी, रातपाळी आहे, रात्रभर जागलेत ते. "व्हय व्हय," म्हणत ती आत गेली आणि दाजींच्या कपाळाला हात लावून आली. ताप नाही म्हणून तिला आणखीच काळजी. मग दाजींचे चुलते आले. धडधाकट माणूस भर दुपारी अंथरुणात म्हटल्यावर गावाच्या लेखी तो आजारी. आणि आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? चुलत्यांनी दाजींना चांगलं गदागदा हलवलं आणि विचारलं, "झोप लागतीय ना?" आता बोला.

बरं, माणसं प्रेमाची. डाफरणार तरी कुणावर? कुणी काढा आणला, कुणी अंगारा. प्रत्येकाला ताईने गुळाचा चहा द्यायचा, प्रत्येकाने रातपाळी म्हणजे काय ते माझ्याकडून समजून घ्यायचं, मान डोलवायची आणि जाता जाता आत तोंड घालून मोठ्याने म्हणायचं, "जीवाला जप रं बाबा." सासूबाईंचा तर कहर. लेक उपाशी कसा निजेल म्हणून त्यांनी दाजींना उठवून भाकरी वाढली. पुन्हा जरा डोळा लागतोय तोवर कलिंगड कापलं म्हणून परत उठवलं. इकडे माझ्या कादंबरीतला नायक दूर घुमणाऱ्या पारव्याचा आवाज ऐकत झोपी जात होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या लेखकाने जन्मात एकदा तरी खेड्यात डोळा मिटून पाहिला होता का? संध्याकाळी दाजी लाल डोळ्यांनी सायकलवर बसले आणि कामावर गेले.

रविवारी सकाळी परत आले ते घरात न शिरताच मला हळूच म्हणाले, "मळ्यात आंब्याखाली जाऊन पडतो. कुनाला बोलू नगा." युक्ती कादंबरीतलीच होती, त्यामुळे लेखकावरचा माझा राग थोडा निवळला. येईल त्याला मी "बाहेर गेलेत" म्हणून वाटेला लावलं आणि चक्क एक अख्खं प्रकरण वाचून काढलं.

दुपारी दारात बैलगाडी थांबली. गाडीत दाजी, भोवती चार गडी आणि मागे निम्मं गाव. आंब्याखाली निपचित पडलेले दिसले, हाका मारल्या तरी हलेनात, म्हणजे ऊनच लागलं, असं समजून त्या शहाण्यांनी त्यांना उचलून गाडीत घातलं होतं. दाजी आता टक्क जागे होते. सासूबाईंनी रडत रडत कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. "येळंवर नजर गेली म्हनून बरं," एक गडी सगळ्यांना सांगत होता. अहो, तो माणूस नुसता झोपला होता हो, असं मी दोनदा म्हणाले. कोण ऐकतंय?

ओसरीवर टेकल्यावर दाजींनी आईचा हात हळूच बाजूला केला.

"आये, मी पिंपरीला खोली घेतो. उद्यापास्नं तितंच ऱ्हातो. सुट्टीला येत जाईन."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. ताई दाराशी उभी होती. तिला बरोबर नेणार की इथेच ठेवणार, हे काही ते बोलले नाहीत आणि तिने विचारलंही नाही. सासूबाईंना ते खरंच वाटत नव्हतं.

"घर सोडून? आरं, तितं तुला काय झालं-गेलं, तर बघाया कोन येनार?"

"कुनीबी येनार न्हाई, आये," दाजी म्हणाले. "म्हनून तर जातोय."