संगीतकारांचे सिनेमे आणि पेटीतलं कापड

दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी सिनेमा बघायला बसतो. साधेसुधे सिनेमे नाहीत हं. परदेशातले, जुने, बरेचसे काळेपांढरे, आणि सगळे कुणा ना कुणा मोठ्या संगीतकाराच्या आयुष्यावरचे. नातीनं टीव्हीवर कसे शोधायचे ते दाखवलं आणि ती गेली पुण्याला शिकायला. आम्हाला मात्र नाद लागला.

मेले सगळे एकाच साच्यातले असतात. संगीतकार नदीकाठानं एकटा चालत निघाला की समजायचं, आता ह्याला चाल सुचणार. रुमालात खोकला की समजायचं, हा काही आता फार दिवस काढत नाही. आणि बायको? तिनं गरम सूप घेऊन दारात उभं राहायचं, तो "आत्ता नको" म्हणाला की डोळे पुसत मागं फिरायचं. मी ह्यांच्याकडं बघून म्हणते, "घ्या, तिकडंही तेच." ह्यांना ऐकू जात नाही, तरी हसतात. मी काय म्हणाले असेन ते एवढ्या वर्षांत पाठ झालंय.

हो, ह्यांचे कान गेलेत. नोकरी सगळी कोपरगावकडं साखर कारखान्यात, कारकुनाची, पण जीव पेटीत. कुठं भजन असो, कीर्तन असो, साथीला हे. आता कानाला यंत्र लावलं की समोर बसून मोठ्यानं बोललेलं कळतं. गाणं मात्र पत्र्यावर खडे टाकल्यासारखं ऐकू येतं म्हणतात.

म्हणून सिनेमाची आम्ही वाटणी केली. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येतात. मी शाळेत फारशी गेले नाही, मुलांच्या पुस्तकांवरून आपली आपण वाचायला शिकले, तेही मराठी. इंग्रजी येत नाही, अक्षरं नुसती पळताना दिसतात. तर हे वाचून मला मराठीत सांगतात, आणि काय वाजतंय ते मी ह्यांच्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगते. "आता काय?" "पुष्कळ सारंग्या एकदम." "आता?" "सगळं थांबलं, एकच पावा." मग हे डोळे मिटून मान हलवतात. मी सांगितलेलं गाणं ह्यांना आत कुठंतरी ऐकू येतं.

आता जे सांगायचंय ते सांगते, नाहीतर मी सूप आणि खोकल्यावरच बोलत बसेन.

इथं सावेडीत आमच्या इमारतीत दर गुरुवारी बायकांचं भजन असतं. पेटीला हे. गेल्या वर्षापासून घोटाळे व्हायला लागले. आम्ही अभंग चढ्या पट्टीत उचलायचो, हे आधीच्याच पट्टीत. आम्ही पुढच्या कडव्यावर, हे अजून धृपदावर. मंडळातली एक जण संगमनेरकडची, शेतकऱ्याघरची, मनानं चांगली पण फटकळ. ती म्हणाली, "काकू, राग मानू नका, पन लई बेसूर व्हतंय. काकांना तुमीच सांगा."

"मी नाही बाई सांगणार."

"मंग देवाला सांगू का? त्यो बिचारा उठून जाईल एक दिवस."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ह्यांच्यावर हसले मी, ते पुढं बसून पेटी पुसत असताना.

मग आम्ही ठरवलं. तिची सून पेटी शिकलेली. तिनं दुसरी पेटी घेऊन अगदी मागं बसायचं आणि आम्ही तिच्या सुरावर म्हणायचं. हे तर पुढं, देवाकडं तोंड करून. पण ह्यांची पेटी मध्येच वाजणार, तिचं काय? तेवढ्यात भाता फाटला म्हणून ह्यांनी आपणहून पेटी दुरुस्तीला दिली. आणायला रिक्षानं मी गेले. दुरुस्तीवाल्याला म्हटलं, आत जाड कापड लावून दे. तो म्हणाला, "आजी, आवाज पार दबेल." म्हटलं, "दबू दे."

त्यानंतर भजन सुरेख व्हायला लागलं. हे घामाघूम होऊन वाजवायचे, आम्ही मागच्या पेटीवर गायचो. संपल्यावर हे वळून विचारायचे, "कसं झालं?" मी तोंड भरून सांगायचे, "छान झालं."

आणि मध्यंतरी एक दिवस आम्ही एक सिनेमा लावला. संगीतकार म्हातारा, विस्कटलेल्या केसांचा, कान गेलेला. मला वाटलं, ह्यांना आपला माणूस भेटेल. बरं वाटेल. मीच निवडला हो तो.

शेवटाकडं मोठा जलसा. म्हातारा पुढं उभा राहून हात हलवतोय आणि वाजवणारे त्याच्याकडं बघतच नाहीयेत, त्याच्या मागं उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसाकडं बघतायत. हे म्हणाले, "सगळे तिकडं का बघतायत?" मी म्हटलं, "काही नाही, वाजवतायत." पण तो मागचा माणूस वाजवणाऱ्यांना काहीतरी बोलला आणि खाली अक्षरं आली. ह्यांनी नेहमीसारखी वाचली, कान गेलेल्या माणसाच्या त्या खणखणीत आवाजात: "त्याच्या हाताकडं बघू नका. माझ्याकडं बघा."

पडद्यावर टाळ्या चालल्या होत्या. ह्यांनी टीव्ही बंद केला, यंत्र कानात नीट बसवलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आपल्याकडं मागं कोण बसतं?"

काय लपवणार? सांगितलं, संगमनेरवालीची सून.

"बरी वाजवते का?"

"बरी वाजवते."

"चांगलंय. शिकू दे." मग स्वतःची बोटं बघत म्हणाले, "हल्ली माझी पेटी बोटांना जड लागते. मला वाटलं, हात गेले."

मी कापडाचं सांगितलं. मीच लावून आणलं म्हणून सांगितलं. हे चिडतील असं वाटत होतं, चिडले असते तर बरं झालं असतं. "बायकांनी केलं त्याचं मला काही नाही गं," एवढंच म्हणाले. "तू नुसतं सांगितलं असतंस तर मी पेटीवरून उठलो असतो."

गुरुवारी हे आले नाहीत. सून पुढं बसली. संगमनेरवाली मला म्हणाली, "काकू, काका न्हाई आले व्हय?" आणि पदरानं उगाच तोंड पुसत राहिली. मी कापड काढून आणते म्हटलं तर हे म्हणाले, "राहू दे." पेटी कपाटावर चढवलीय.

सिनेमे अजून बघतो आम्ही. हे अक्षरं वाचून सांगतात, एकही ओळ गाळत नाहीत. "आता काय वाजतंय?" असंही विचारतात. मी सांगते, "सारंग्या." मग हे माझ्या तोंडाकडं बघतात आणि हळूच विचारतात, "नक्की ना?"

पूर्वी असं विचारत नव्हते. आता मी सगळंच सांगते. सारंग्या किती लांब वाटतात, मध्येच कुणीतरी चुकल्यासारखं वाटलं, कुकरची शिट्टी झाली, खाली टेम्पोनं हॉर्न दिला. जे जे कानावर पडेल ते. हे ऐकून घेतात. डोळे मात्र मिटत नाहीत.