धरलंय कुठं?

जगात न हलणारी एकही वस्तू नाही, हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे की नाही मला माहीत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी मात्र ते स्वतःच्या हाताने, वस्तू गदागदा हलवून सिद्ध केलं आहे. सैन्याच्या वर्कशॉपात उमेदीची सगळी वर्षं वेल्डिंग करण्यात गेली म्हणून असेल, पण मामांचा कुठल्याही उभ्या वस्तूवर विश्वास नाही. हलवून पाहिल्याशिवाय ते खुर्चीत बसत नाहीत. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडवाचे चारही खांब हलवून येतात. साताऱ्यातल्या एका लग्नात तर मुलीच्या बापाने हात जोडले, "मामा, एवढं लगीन लागू द्या, मग हलवा." महाबळेश्वरला एका पॉइंटवर त्यांनी कठडा असा काही हलवला की फोटो काढणारी दोन कुटुंबं गुपचूप गाडीत जाऊन बसली. आमच्या साखरपुड्याला मी सोफ्यावर अंग चोरून बसलो होतो, तर मामांनी माझ्यासकट सोफा हलवला आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "सोफा बरा हाय. पावणं जरा ढिलं वाटत्यात."

तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. मामांचा अंदाज किती अचूक होता, हे सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे.

इस्लामपूरजवळ उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारखाना आहे. पलटणीतून परतल्यावर मामा तिथे वेल्डर झाले आणि पुढे त्यांच्याच शब्दावर मला तिथे डिझाइनची नोकरी मिळाली. माझं काम कॉम्प्युटरवरचं. ट्रॉलीचं चित्र काढायचं, सॉफ्टवेअर त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतं, आणि भार टाकला की कुठे किती ताण येतो ते रंगात दाखवतं. हिरवं म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे मोडणार. पण त्याआधी त्याला सांगावं लागतं की ही वस्तू कुठे धरलेली आहे, कुठे मोकळी आहे आणि जोर कुठून येणार आहे. याला बाउंडरी कंडिशन म्हणतात. आपण खोटं सांगितलं तर सॉफ्टवेअर त्या खोट्याचंही उत्तर अगदी मन लावून काढतं.

जेवणाच्या सुट्टीत मामा डबा घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहायचे. आधी मॉनिटर हलवायचे, मग विचारायचे, "जावईबापू, ह्ये धरलंय कुठं?" हा प्रश्न ते सगळ्याच बाबतीत विचारत. टीव्हीवर हातात हात घालून उभे राहिलेले पुढारी दिसले तरी मान वाकडी करून म्हणत, "व्हय, पर धरलंय कुठं?"

त्या वर्षी नवी, मोठी ट्रॉली करायची होती आणि मालक घाईत होते. आता माझी चूक सांगतो. वस्तू नीट धरली नाही तर सॉफ्टवेअर कुरकुर करतं, हिशोब अडतो, कधी कधी अख्खी ट्रॉली पडद्यावरून आकाशात निघून जाते. तसं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी वैतागून हुकापाशी, चाकांपाशी, जिथे जिथे जागा दिसली तिथे तिथे ती जाम करून टाकली. ट्रॉली हिरवीगार आली.

मामांनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "एवढ्या ठिकानी धरली? आवं, उसाच्या फडातनं भायेर पडताना एक चाक सरीत असतंय, एक बांधावर. खालचा सांगाडा, सगळी चासी पिळवटती. तवा बी धरलीया व्हय कुनी?"

"मामा, सॉफ्टवेअरला सरी-बांध कळत नाही."

"मग त्येला सांगाया तुमी हाय की!"

मी चिडून पडदा बंद केला.

पहिली ट्रॉली चाचणीसाठी एका बागायतदाराकडे गेली आणि तिसऱ्याच खेपेला, बांध ओलांडताना, चासी चिरली. कुणाला लागलं नाही, पण ऊस रस्त्यावर पसरला आणि आजूबाजूच्या म्हशींची दिवाळी झाली. ट्रॉली ओढून कारखान्यात आणली. मालक म्हणाले, "सांगा, डिझाइन का वेल्डिंग?" मी माझं हिरवं चित्र पुढे धरलं. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं; जोड त्यांनीच मारले होते.

मामा खाली वाकले. मीही वाकलो. चीर जोडावर नव्हतीच; चार बोटं बाजूला, कोऱ्या लोखंडात होती. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मालक वाकायच्या आत ग्राइंडर लावून ती जागा घासून साफ केली; चीर जोडावर होती की बाजूला, हे आता कुणाला कळणार नव्हतं. "माजाच जोड कच्चा ऱ्हायला," म्हणाले. मी माझं हिरवं चित्र गुंडाळून काखेत मारलं.

मालकांनी मामांच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला आणि त्यांना गेटवर पास लिहायला बसवलं. तिथेही ते येणारा प्रत्येक ट्रक मागचा फाळका हलवून पाहिल्याशिवाय आत सोडेनात, त्यामुळे हमरस्त्यापर्यंत रांग लागू लागली. लोक हसत. मी खिडकीतून बघायचो आणि मला डबा जायचा नाही.

दोन आठवड्यांनी मी तो हिशोब पुन्हा मांडला. हुक वळता ठेवला, एक चाक सरीत उतरवलं. नेमक्या चिरेच्या जागी लाल ठिपका उमटला. त्याचा कागद घेऊन मी गेटवर गेलो. मामांनी चष्मा पुसला, लाल जागेवर बोट ठेवलं आणि चक्क खूश झाले. "आता बराबर धरलीया!"

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

"खुळं का काय! चारचौघांत जावयाला खाली बघाया लावू व्हय? भाचीनं भाकरी घातली नसती मला."

मी तसाच मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी होल्डर मामांच्या हातात परत आला. घ्यायच्या आधी त्यांनी तोही हलवून पाहिला. पण तो त्यांचा शेवटचाच हंगाम ठरला. पुढे नजर कमी झाली आणि ते गावी गेले. त्या मोजक्या दिवसांतले दोन आठवडे मी खाल्ले, ते काही परत करता येत नाहीत.

मामा आता पाटणजवळ असतात. मी गेलो की अजून स्वतः खुर्ची ओढतात, हलवून पाहतात. हल्ली त्यांचे हातच कापतात, त्यामुळे खुर्ची ते हलवतात की ती आपोआप हलते, हे मला कळत नाही. त्यांनाही कळत नसावं. म्हणून मी बसेपर्यंत ते तिची पाठ दोन्ही हातांनी घट्ट पकडून उभे राहतात.

"बसा जावईबापू," म्हणतात, "म्या धरलीया."