गेंडा रस्त्यात उभा होता

ओल्या गवताचा आणि शेणाचा वास आला की ओहायोच्या सफारी पार्कमधली ती सकाळ आठवते. नुकतीच गाइड झाले होते. माझ्या उघड्या जीपमध्ये मागे आई आणि मराठी मंडळातले काका-काकू बसले होते. आई त्यांना समजावत होती, "हे टेंपररी आहे हो, पुढे मास्टर्स करणारे ती." तेवढ्यात एक गेंडा रस्त्यात येऊन उभा राहिला. काका म्हणाले, "अगं, हॉर्न मार ना!" मी इंजिनच बंद केलं. "नाही काका, तो हलेल तेव्हाच आपण जायचं. आणि आई, हे टेंपररी नाही." गेंड्याने जीपला सावकाश अंग घासलं, चिखल आईच्या ओढणीला लागला. आजही कुणी "पुढे काय?" विचारलं की मी त्या गेंड्यासारखी उभी राहते. वाजवा म्हणावं हॉर्न.