कार्ड घासलं की फोन येतो

बसा, बसा. चहा माझ्याकडून. फक्त एक करा, हसायचं असेल तर घोट गिळून हसा. मागच्या वेळी याच किश्श्याला शेखभाईंनी माझ्या सदऱ्यावर अर्धा कप उडवला होता. वीस वर्षं माझ्या गाडीचे ड्रायव्हर होते, पण कधी एवढा जोरात ब्रेक मारला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, श्रीरामपूरचा रिटायर कंडक्टर, त्याचा आणि समुद्राच्या तळाचा काय संबंध? नव्हताच हो! मी ओढून आणला.

आमचा अमोल बंगळुरूला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगा गुणाचा. पण फोन करायला त्याला वेळ म्हणून नाही. त्याची आई होती तोवर रोज संध्याकाळी तिला फोन यायचा आणि मी शेजारी बसून फुकटात ऐकायचो. ती गेली, तसा तो फोनही बंद झाला. आता रविवारी कधीतरी, "बाबा, जेवलात ना? बरं, ठेवतो." झालं बोलणं! अहो, तीस वर्षं रोज चारपाचशे माणसांशी बोललेला माणूस मी! "पुढं सरका, सुट्टे काढा, कुठं उतरायचंय?" आणि आता दिवसभरात घरात आवाज कुणाचा, तर मिक्सरचा. तोही मी लावला तर.

तर या अमोलनंच एकदा ठरवलं, बाबांना घेऊन थायलंडला जायचं. दोघंच! पाठीला हवेचं नळकांडं बांधून समुद्रात बुडी मारतात ना, ती स्कूबा करायची. मला किती आनंद झाला म्हणता! बुडीचं सोडा हो, तीन दिवस पोरगा माझ्या तावडीत सापडणार होता. पासपोर्ट आला तो मी शेखभाईंना रोज दाखवायचो.

"दाखवला न्हाई, छळलं मला!" बघा, शेखभाईंना अजून राग आहे.

निघायच्या दोन दिवस आधी फोन. "बाबा, ऑफिसचं काम निघालं. मला नाही जमणार. विमानाचे, हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत. तुम्ही या जाऊन. माझ्या खात्यावरचं कार्ड दिलंय ना तुम्हाला, ते वापरा बिनधास्त."

आता काढलेलं तिकीट कंडक्टर वाया जाऊ देईल? गेलो एकटाच. विमानात शेजारची सीट रिकामी, अमोलची. खोटं कशाला बोलू, रडू आलं. हवाईसुंदरीला वाटलं, पोटात कळ आली. तिनं गोळी दिली. मी ती पण घेतली!

तिथं उतरल्यावर विमानतळावर कॉफी घेतली आणि कार्ड दिलं. कार्ड परत खिशात जातंय न जातंय तोच फोन वाजला. अमोल!

"बाबा, कार्ड तुम्हीच वापरलं ना?"

"हो रे. कॉफी घेतली."

"मला मेसेज आला म्हणून विचारलं. नीट पोचलात ना? उकडतंय का? जेवणाचं काय?"

सहा मिनिटं बोलला. सहा! मी घड्याळ लावून बघितली.

आलं का लक्षात? कार्ड इकडं घासलं की मेसेज अमोलच्या मोबाईलवर, आणि मेसेज गेला की फोन माझ्या मोबाईलवर! अहो, ही तर गाडीतली घंटीची दोरी! मी मागून ओढायची की पुढं शेखभाई थांबलेच. मला वाटलं, दोरी सापडली. गाढवपणा सुरू झाला तो इथून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बुडीवाल्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक नेपाळी बाई. आपली माणसं फार येतात म्हणून हिंदी बोलणारी बाई ठेवलेली.

"अंकल, कॅश या कार्ड? कार्ड पे तीन परसेंट ज्यादा लगेगा."

माझ्याकडं तिथल्या नोटा होत्या बरं का! शेखभाईंनी बजावलंच होतं, परदेशात रोख जवळ ठेवा. शिंप्याकडून बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतला होता, त्यात चांगली जाडजूड घडी होती. शहाण्या माणसानं काय केलं असतं? रोख देऊन तीन टक्के वाचवले असते. मी छाती काढून म्हणालो, "कार्ड!"

तिनं मशीन पुढं केलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे पैसे एकदम भरले तर मेसेज एकच जाणार! मग फोनही एकच येणार!

"मॅडम, टप्पा टप्पा तिकीट काटो."

बाई बघतच राहिली. मग मी तिला एसटीचं भाडं टप्प्यावर कसं असतं ते समजावून सांगितलं, तेही हिंदीत! पहिला टप्पा बोटीचा, दुसरा नळकांड्याचा, तिसरा रबरी सूटचा, चौथा पाण्यात नेणाऱ्या मास्तरचा, पाचवा फोटोचा.

"लेकिन अंकल, एक बार में क्यों नहीं?"

"हमारे उधर ऐसाच होता!"

घासलं पहिल्यांदा. मोबाईलकडं बघितलं. गप्प. म्हटलं, मीटिंगमध्ये असेल. दुसऱ्यांदा घासलं, तरी गप्प. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. अहो, मोबाईल हलवून बघितला, बंद तर पडला नाही ना! पाचव्यांदा घासलं तर मशीननं नाही म्हणून सांगितलं. बँकेला वाटलं कार्ड चोरीला गेलंय, त्यांनी तिकडून बंदच करून टाकलं.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. बाई म्हणाली, फोटोचे पैसे नंतर द्या, मोबाईल इथं ठेवा आणि पळा. मोबाईल ठेवताना जिवावर आलं. पैसे मात्र ठेवले नाहीत. पैशाची बॅग कंडक्टर अंगावेगळी करत नाही. बनियन तसंच ठेवलं आणि वरून रबरी सूट चढवला.

पाण्याची मला भीती नाही. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलोय. ही विहीर जरा रुंद, एवढंच. खाली गेल्यावर मास्तरनं माझं लक्ष वेधायला नळकांड्यावर सळई आपटली. टण् टण्! डबल घंटी! तीस वर्षं डबल घंटीला गाडी सोडलीय हो! मी सुटलो तो सरळ. मास्तरनं मागून पट्टा धरून ओढला तेव्हा थांबलो.

पण काय मासे होते! पिवळे, निळे, रांगेत चाललेले, ढकलाढकली नाही. चांगला मासा दिसला की दाखवायला मी शेजारी मान वळवायचो. शेजारी मास्तर. त्याला काय, रोजचेच मासे. तिथं मला अमोलची फार आठवण आली.

वर आलो, दुकानात गेलो, मोबाईल हातात घेतला. सत्तावीस मिसकॉल! दोन वर्षांत मिळून आले नसतील तेवढे पाऊण तासात आले, आणि मी कुठं? मासे मोजत!

बाई म्हणाली, "अंकल, बेटे का फोन था. मैंने उठाया. उसने पूछा, पापा कहाँ हैं. मैंने बोल दिया, पानी के नीचे हैं."

झालं! त्या पोरानं मीटिंग टाकली आणि इकडं श्रीरामपूरला शेखभाईंना फोन लावला. सांगा हो शेखभाई, काय म्हणाला?

"म्हनला, चाचा, बाबांना कुनीतरी लुटलं आन् पान्यात ढकललं. मी म्हनलो, अरं, तुझा बाप मुरलेला कंडक्टर हाय, पान्याखाली बी तिकीट फाडंल! फोन ठिवला आन् मग मीच रडलो लई."

मी अमोलला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा! कुठं होतात तुम्ही? चार चार वेळा कार्ड कशाला घासलं? मला वाटलं, तुम्ही..." रडत होता. एवढा मोठा माणूस.

हीच वेळ होती बघा. म्हणायचं होतं, बाळा, तुझा आवाज ऐकायचा होता म्हणून घासलं. एका टप्प्याचं वाक्य! तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची सवय लागलेली जीभ बोलून गेली, "सुट्टे नव्हते."

"काय?"

"अरे, सुट्टे नव्हते."

कार्डाला! माझी मलाच लाज वाटली. पण गेलेली गाडी काय परत येते?

मग फोटोचे पैसे द्यायला चोरखिशातून नोटा काढल्या, ओल्याचिंब. दुकानाच्या पायरीवर उन्हात पापडासारख्या मांडून वाळवल्या, उभ्या घड्या घालून बोटांत धरल्या आणि बाईला दिल्या.

"अंकल, कॅश था तो पहले क्यों नहीं दिया?"

फोटो घेऊन आलो. घरी भिंतीवर लावलाय. त्यात मी कॅमेऱ्याकडं बघतच नाही, शेजारी बघतोय.

पुढच्या रविवारी अमोलचा फोन आला. "बाबा, कार्ड वापरलं की मी लगेच विचारत बसतो, तुम्हाला अवघडल्यासारखं होत असणार. मी बँकेत नंबरच बदलून टाकला. आता मेसेज थेट तुमच्या मोबाईलवर येतील. मोकळेपणानं वापरा. बरं, ठेवतो." किती काळजी करतो बघा बापाची!

चला, उठा. चहाचे पैसे देतो. गल्ल्यावर मशीन आहे, म्हणून तर तुम्हाला नेहमी याच हॉटेलात आणतो. हे घासलं कार्ड. आता ऐका हं.

वाजला! थांबा, थांबा शेखभाई, हसू नका. मला माहीत आहे हो कुणाचा आहे ते. पण एकदा बघू तर द्या.